ज्या रोमन सम्राटाच्या दाढीवर अख्खं शहर हसलं, त्याची गोष्ट त्याच्या नाण्यांवर दिसते

रोमन सम्राट ज्युलियनची दोन नाणी शेजारी शेजारी ठेवली, तर ती एकाच माणसाची आहेत यावर पटकन विश्वास बसत नाही. पहिल्या नाण्यावर गुळगुळीत हनुवटीचा, डोक्यावर काहीही नसलेला तरुण दिसतो. दुसऱ्यावर मोत्यांचा मुकुट आणि खाली टोकदार, चांगली लांब दाढी. दोन्ही नाण्यांमध्ये फार तर सात-आठ वर्षांचं अंतर आहे.

आता कुणी म्हणेल, दाढी काय, आज ठेवली उद्या काढली. पण त्या काळी तसं नव्हतं. छापखाना नाही, फोटो नाही. साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या माणसाला राजाचा चेहरा दिसायचा तो मुख्यतः नाण्यावर. त्यामुळे नाण्यावरच्या चेहऱ्यात काय दाखवायचं, हे सहज ठरत नसे.

अलेक्झांडर दाढी करायचा, म्हणून त्याच्यानंतरचे बहुतेक ग्रीक राजे नाण्यावर गुळगुळीत दिसतात. रोमचे सुरुवातीचे सम्राटही तसेच. इसवी सन 117 मध्ये हेड्रियन गादीवर आला आणि भरघोस दाढी राजमान्य झाली. मार्कस ऑरेलियसपर्यंत तर ती तत्त्वज्ञानाची खूण बनली. पुढे कॉन्स्टंटाइनने पुन्हा हनुवटी साफ केली. ख्रिश्चन धर्माला राजाश्रय देणारा हा पहिला सम्राट. त्याच्या मुलांनीही तोच चेहरा चालू ठेवला.

ज्युलियन याच कॉन्स्टंटाइनचा पुतण्या.

सहाव्या वर्षी घर उद्ध्वस्त झालं

ज्युलियनचा जन्म कॉन्स्टँटिनोपलमधला, साधारण 331 सालचा. आई तो तान्हा असतानाच गेली. 337 मध्ये कॉन्स्टंटाइन वारला आणि काही महिन्यांत सैनिकांनी राजघराण्यातल्या पुरुषांना कापून काढलं. ज्युलियनचे वडील त्यात गेले, काका गेले, थोरला भाऊ गेला. वाचले ते दोघेच : ज्युलियन आणि त्याचा सावत्र भाऊ गॅलस. एक फार लहान होता आणि दुसरा आजारी, इतकंच कारण. या कत्तलीमागे चुलतभाऊ कॉन्स्टँटियस आहे, असं ज्युलियन पुढे आयुष्यभर मानत राहिला. आणि वाढला तो त्याच कॉन्स्टँटियसच्या पहाऱ्यात.

मार्डोनियस नावाच्या म्हाताऱ्या शिक्षकाने त्याला होमर शिकवला. पुढे सहा वर्षं कॅपाडोशियातल्या एका आडबाजूच्या राजवाड्यात दोन्ही भावांना ठेवलं गेलं. मित्र नाहीत, बाहेर जायचं नाही. चर्चमध्ये तो बायबल वाचून दाखवायचा, पण मनात मात्र जुने ग्रीक देव आणि प्लेटो घर करत होते. विशीच्या सुमारास त्याने मनातल्या मनात धर्म बदलला आणि ही गोष्ट पुढची जवळपास दहा वर्षं लपवून ठेवली. 354 मध्ये कॉन्स्टँटियसने गॅलसचं डोकं उडवलं. आता घराण्यात ज्युलियन एकटा उरला.

न्हाव्याच्या हाती दिलेला तत्त्वज्ञ

355 साली तो अथेन्समध्ये शिकत होता. तत्त्वज्ञाच्या विद्यार्थ्याचा अंगरखा, वाढलेली दाढी, सगळं मनासारखं. तेवढ्यात मिलानहून बोलावणं आलं. कॉन्स्टँटियसला गॉल, म्हणजे आजचा फ्रान्सच्या आसपासचा मुलूख, सांभाळायला घरचा माणूस हवा होता. ज्युलियनला वाटलं, आता आपलीही पाळी. झालं उलटंच. दरबारातल्या लोकांनी त्याला धरून दाढी काढली, अंगावर सैनिकी झगा चढवला आणि 6 नोव्हेंबर 355 ला त्याला ‘सीझर’, म्हणजे दुय्यम सम्राट, म्हणून उभं केलं. हा प्रसंग त्याने पुढे स्वतः लिहून ठेवला आहे, आणि त्यात अपमान अजून ताजा असल्यासारखा वाटतो.

पहिल्या नाण्यावरचा तो गुळगुळीत तरुण म्हणजे हा सीझर. मुकुटाचा मान थोरल्या सम्राटाचा, म्हणून डोकं उघडं.

कुणाचीच फारशी अपेक्षा नसताना हा पुस्तकी माणूस उत्तम सेनापती निघाला. 357 मध्ये स्ट्रासबर्गजवळ त्याने आपल्यापेक्षा मोठ्या जर्मन फौजेला हरवलं. त्याने करही कमी केले. 360 मध्ये कॉन्स्टँटियसने त्याच्या चांगल्या पलटणी पूर्वेकडे मागवल्या, तेव्हा सैनिक बिथरले. पॅरिसमध्ये त्यांनी ज्युलियनला ढालीवर उचलून सम्राट म्हणून जाहीर केलं. मुकुट हाताशी नव्हता, म्हणून एका निशाणधारी सैनिकाच्या गळ्यातली साखळी डोक्यावर ठेवली.

इथे नाणी बघण्यासारखी आहेत. गॉलमधल्या टांकसाळींतून आता मुकुटधारी ज्युलियन बाहेर पडू लागला, पण सुरुवातीला दाढीशिवायच. थोरल्या भावाशी पत्रव्यवहार चालू होता, तडजोडीची आशा होती. मुकुटावर हक्क सांगितला, पण चेहरा घराण्याचाच ठेवला. मग काही नाण्यांवर आखूड दाढी येते. नोव्हेंबर 361 मध्ये, दोन्ही फौजा समोरासमोर येण्याआधीच, कॉन्स्टँटियस तापाने वारला. ज्युलियन एकटा सम्राट झाला आणि नाण्यांवरची दाढी लांबत गेली. मनातले देव त्याने उघड केले, आणि दाढीही.

राजधानीत आल्यावर त्याने केस कापायला न्हावी बोलावला. आला तो इतक्या भरजरी पोशाखात, की ज्युलियनला तो खजिन्याचा अधिकारी वाटला. चौकशी केली तर त्याला रोज वीस माणसांचा शिधा, तितक्याच जनावरांचा चारा आणि वर भरभक्कम पगार मिळत होता. ज्युलियनने दरबारातले न्हावी, आचारी आणि त्यांच्यासारखे इतर सगळे काढून टाकले.

अँटिओकमधला उन्हाळा

त्याने मंदिरं पुन्हा उघडली, यज्ञ सुरू केले. ख्रिश्चनांचा सरसकट छळ केला नाही, पण 362 मध्ये ख्रिश्चन शिक्षकांना ग्रीक साहित्य शिकवण्यापासून रोखलं. हे त्याच्या चाहत्यांनाही आवडलं नाही, आणि त्याच्या बाजूने यावर फार काही बोलता येत नाही.

त्याच वर्षी इराणवरच्या मोहिमेच्या तयारीसाठी तो अँटिओकला आला. आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. शहर श्रीमंत, ऐषारामी, नाटक आणि रथांच्या शर्यतींचं वेडं, आणि बहुतांशी ख्रिश्चन. ज्युलियन शर्यतींना कंटाळायचा, जमिनीवर झोपायचा आणि रोज बैल कापायचा. सैनिक यज्ञाचं मांस खाऊन, दारू पिऊन पडायचे आणि त्यांना रस्त्यातून उचलून न्यावं लागायचं. त्यातच धान्य महागलं. ज्युलियनने भाव बांधून दिले, आसपासच्या शहरांतून 4 लाख मापं धान्य आणलं, इजिप्तहूनही मागवलं. पण बड्या जमीनदारांनी ते स्वस्तात उचललं आणि शहराबाहेर चढ्या भावाने विकलं. लोक उपाशी ते उपाशीच, आणि शिव्या मात्र सम्राटाला.

हे शहर बंड करणारं नव्हतं, टवाळी करणारं होतं. बोकडाची दाढी म्हणून त्याची चेष्टा झाली. या दाढीचे दोर वळा, असंही लोक म्हणू लागले. त्याने नवं मोठं तांब्याचं नाणं काढलं होतं, सुमारे 8 ग्रॅमचं. एका बाजूला दाढीवाला ज्युलियन, दुसऱ्या बाजूला उभा बैल आणि वर दोन तारे. हा बैल नेमका कोण, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. कुणी इजिप्तचा एपिस म्हणतं, कुणी वृषभ रास. अँटिओकच्या लोकांना एवढ्या खोलात जायची गरज नव्हती. बैलांचा कर्दनकाळ बैलाचंच नाणं काढतो, म्हटल्यावर विनोद तयारच होता.

दुसरा सम्राट असता तर सैनिक सोडले असते. ज्युलियनने लेख लिहिला. नाव ‘मिसोपोगॉन’, म्हणजे दाढीद्वेष्टा, आणि तो राजवाड्याबाहेर लावला. त्यात तो स्वतःचीच टर उडवतो : दाढीत उवा फिरतात, जेवताना केस तोंडात जातात, आणि दोर वळायचेच असतील तर खुशाल उपटा, फक्त तुमच्या नाजूक हातांना फोड येतील. मग हळूहळू आवाज चढतो आणि धान्याचा, जमीनदारांचा, कृतघ्नपणाचा हिशेब सुरू होतो. विनोद म्हणून तो पूर्ण जमलेला नाही. वाचताना हसण्यापेक्षा त्या माणसाचं एकटेपण जास्त जाणवतं.

5 मार्च 363 ला तो मोहिमेवर निघाला. परत अँटिओकला येणार नाही, हिवाळा तार्ससला काढीन, असं सांगून गेला. फौज टेसिफॉनपर्यंत पोहोचली, पण शहर घेता आलं नाही. आपलीच जहाजं जाळून माघार सुरू झाली. 26 जूनला एका चकमकीत चिलखत न घालताच तो पुढे धावला आणि एक भाला त्याच्या बरगड्यांतून आत गेला. तो कुणी फेकला हे कधीच ठरलं नाही. त्या रात्री तो वारला. वय जेमतेम 31-32.

त्याचं शव तार्ससलाच नेऊन पुरलं. ते पोहोचवण्याचं काम त्याच्या प्रोकोपियस नावाच्या नातेवाइकाकडे होतं. दोन वर्षांनी, 365 मध्ये, याच प्रोकोपियसने कॉन्स्टँटिनोपलमध्ये बंड करून स्वतःला सम्राट म्हणवलं. बंड आठ महिन्यांत मोडलं आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. पण तेवढ्या वेळात त्याने नाणी पाडून घेतली होती, आणि त्यांवर त्याला दाढी आहे.