घाटातल्या पाण्यात वीज पाहणारे जमशेटजी टाटा



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एका थोर माणसाची माहिती लिहायला सांगितली. मी जमशेटजी टाटा यांचं नाव घेतलं. का ते सांगतो. माझे बाबा घोटीत भाताच्या गिरणीत कामाला आहेत. लाईट गेली की गिरणीचा पट्टा थांबतो. पोती घेऊन आलेली माणसं ओट्यावर बसून राहतात. बाबाही बसतात. मग मला वाटायचं, ही वीज येते तरी कुठून? आणि ती पहिल्यांदा आणायचं कुणाच्या मनात आलं?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव नसरवानजी आणि आईचे नाव जीवनबाई. घराणे पारशी धर्मगुरूंचे होते. पण नसरवानजी मुंबईला जाऊन व्यापारात पडले. जमशेटजीही लहानपणीच वडिलांकडे मुंबईला आले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. १८५८ साली त्यांचे शिक्षण पुरे झाले. १८६८ साली त्यांनी २१,००० रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढे चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी विकत घेतली आणि तिची कापडगिरणी केली. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी नागपूरला एम्प्रेस मिल ही मोठी गिरणी सुरू केली.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. बॉयलरमध्ये कोळसा घालायचा, पाणी उकळायचं आणि वाफेनं यंत्र फिरवायचं. कोळसा लांबून आणावा लागे. त्याला पैसे फार पडत आणि गिरण्यांच्या चिमण्यांतून काळा धूर निघे. जमशेटजी स्वतः गिरणीमालक होते, म्हणून त्यांना हा त्रास पक्का ठाऊक होता.

आता आपल्या घोटीचा पाऊस आठवा. पावसाळ्यात डोंगरावरून किती धबधबे पडतात! पुणे-मुंबईच्या वाटेवर लोणावळा आहे. तिथेही असाच धो धो पाऊस पडतो. डेव्हिड गॉस्लिंग नावाच्या मुंबईतल्या एका गृहस्थांनी असं सुचवलं होतं की, हे पाणी अडवून घाटाखाली सोडलं तर त्यावर वीज करता येईल. बऱ्याच जणांनी ऐकून सोडून दिलं असेल, पण जमशेटजींनी ते मनावर घेतलं.

पाण्याची वीज कशी होते ते मला आधी कळत नव्हतं. मला वाटायचं, पाण्यातच वीज असते आणि ती गाळून काढतात. गुरुजी हसले. त्यांनी सांगितलं की पाणी फक्त चाक फिरवतं. त्या चाकाला जनित्र जोडलेलं असतं. जनित्र फिरलं की वीज तयार होते. पाणी पुढं नदीला निघून जातं.

मग गुरुजींनी एक बादली घेतली आणि तिला खाली नळी लावली. बादली जमिनीजवळ धरली तेव्हा पाणी हळू आलं. टेबलावर चढून उंच धरली तेव्हा पाणी जोरात आलं. ही जी उंची, तसा विजेचा दाब. त्याला व्होल्टेज म्हणतात. नळीतून जितकं पाणी वाहतं, तसा विजेचा प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. नंतर गुरुजींनी बारीक नळी लावली तर पाणी कमी आलं. ही जी अडवणूक, तिला रोध म्हणतात. रोध ओहममध्ये मोजतात. जर्मनीत जॉर्ज ओहम म्हणून होते, तेही शाळेत शिकवायचे. त्यांनी १८२७ साली यांचा हिशेब पुस्तकात मांडला. दाबाला रोधानं भागलं की प्रवाह मिळतो. दाब ६ व्होल्ट आणि रोध ३ ओहम असेल तर प्रवाह २ अँपिअर. रोध वाढून ६ ओहम झाला तर प्रवाह १ अँपिअरच. एवढा भागाकार आपल्या सगळ्यांना येतो.

पण वीज आणि पाणी यांत एक फरक आहे. पाणी वाहून गेलं तरी चालतं. विजेला मात्र परत येण्याची वाट लागते. मी सेल, वायर आणि बॅटरीतला छोटा बल्ब जोडून पाहिला. सेलच्या एका टोकापासून बल्बपर्यंत आणि बल्बपासून सेलच्या दुसऱ्या टोकापर्यंत वायर गेली, की बल्ब लागतो. या पुऱ्या वाटेला परिपथ म्हणतात. माझा बल्ब आधी लागलाच नाही. मला रडू यायला लागलं. मग दिसलं की वायरीच्या टोकाचं प्लॅस्टिक मी सोललंच नव्हतं. वाट तुटली की दिवा नाही. आपण बटण बंद करतो म्हणजे तरी काय? वाटच तोडतो.

जमशेटजींच्या योजनेत हेच सगळं मोठ्या प्रमाणावर करायचं होतं. लोणावळ्याकडे पाणी साठवायचं आणि मोठ्या नळांतून ते पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला सोडायचं. तिथं वीज करायची आणि तारेवरून मुंबईला न्यायची. मुंबई तिथून सुमारे ७० किलोमीटर. एवढ्या लांब तारेलाही रोध असतो. प्रवाह दुप्पट झाला तर तारेत चौपट उष्णता होते आणि वीज वाटेतच वाया जाते. म्हणून दाब फार वाढवतात आणि प्रवाह कमी ठेवतात. पोचल्यावर दाब पुन्हा उतरवतात. मोठ्या खांबांवरच्या तारांवर एवढा दाब का असतो, ते मला आता कळलं.

जमशेटजींनी आणखीही मोठी कामं मनात धरली होती. पोलादाचा कारखाना आणि विज्ञान शिकवणारी मोठी संस्था. १९०३ साली त्यांनी मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं, त्यात विजेचे दिवे होते. पण खोपोलीची वीज काही त्यांना पाहायला मिळाली नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ६५ वर्षांचे होते.

त्यांचे मुलगे दोराबजी आणि रतनजी यांनी आणि त्यांच्या माणसांनी काम सोडलं नाही. १९१० साली वीज कंपनी स्थापन झाली. १९११ साली लोणावळ्याला कामाची कोनशिला बसवली. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. जमशेटजींना जाऊन तेव्हा ११ वर्षं झाली होती. बंगळूरची विज्ञान संस्था आणि पोलादाचा कारखानाही त्यांच्या मागेच उभा राहिला.

इथपर्यंत लिहून मी आजीला वाचून दाखवलं. मला वाटलं, आजी शाबास म्हणेल. पण ती गप्प राहिली. मग म्हणाली, पाणी साठवलं तिथं आधी कोण राहत होतं, ते लिहिलंस का? माझ्या आजीचं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो, असं ती सांगते. तिच्या पाड्यावर दिवा मात्र फार वर्षांनी आला.

मी दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितलं की, जमशेटजींच्या नंतर त्यांच्या कंपन्यांनी आणखी धरणं बांधली. पुणे जिल्ह्यात मुळशीला धरण होत होतं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी जमिनी द्यायला नकार दिला. १९२१ साली तिथं सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. त्यांना तुरुंगात जावं लागलं. तरी धरण झालंच. १९२७ साली त्या पाण्यावर भिरा इथलं वीजघर सुरू झालं. पुढं सगळे बापटांना सेनापती म्हणू लागले.

म्हणून मी ही माहिती पुसली नाही, खाली जोडली. जमशेटजी थोर होतेच. दुसऱ्यांना नुसता पाऊस दिसला, तिथं त्यांना वीज दिसली. पण ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांचंही काहीतरी त्या विजेत आहे. आजीला हे वाचून दाखवलं तेव्हा तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आपल्या घोटीच्या स्टेशनावरून विजेच्या गाड्या जातात. त्या तारांवर २५,००० व्होल्टचा दाब असतो. घरातल्या विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट असतो, तोही जीव घेऊ शकतो. म्हणून मित्रांनो, प्रयोग करायचा तर सेलवरच करा. घरातल्या बटणात किंवा बोर्डात तार घालू नका. ओल्या हातानं बटण दाबू नका. रेल्वेच्या तारांजवळ पतंग उडवू नका.

माझा सेलचा बल्ब भित्तिपत्रकाखालच्या टेबलावर ठेवला आहे. पालकांनीही तो लावून पाहावा. आणि पाहून झालं की आठवणीनं बंद करावा, म्हणजे सेल पुरेल.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, घोटी