धन्यवादित पंगु हर्मन

ज्या मुलाचे हातपाय त्याचें ऐकत नाहींत व ज्याची वाणी अडखळते, त्याची बुद्धीही मंदच असली पाहिजे, असा समज आमच्या लोकांत फार खोल रुजला आहे. सणाच्या मिस्साला सारें घर येतें, एक मूल तेवढें घरीं राहतें. ह्या समजास धन्यवादित हर्मन ह्यांच्या चरित्राएवढें सडेतोड उत्तर क्वचितच सांपडेल.

त्यांचा जन्म १०१३ सालीं, आजच्या दक्षिण जर्मनींत, आल्ट्सहाउझेनचे सरदार वोल्फराट व त्यांची पत्नी हिल्टरूड ह्यांच्या पोटीं झाला. देह बालपणापासून पांगळा. बसविलेल्या जागेवरून त्यांस स्वतः हलतां येत नसे. कूस बदलण्यासही दुसऱ्याचा हात लागे. बोलणें तर इतकें अस्पष्ट कीं, नवख्यास तें कळणें कठीण. तरी मातापित्यांनीं त्यांस दाराआड ठेविलें नाहीं. १०२० सालीं, वयाच्या सातव्या वर्षीं, त्यांचें शिक्षण सुरू झालें. पुढें कॉन्स्टन्स सरोवरांतील रायखेनाउ बेटावरच्या बेनेडिक्टी मठांत ते व्रतस्थ झाले.

त्यांच्या आजाराविषयीं वैद्यांत मतभेद आहे. कित्येक त्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात, कित्येक मज्जातंतूंचा क्षय. सेरेब्रल पाल्सी जन्मापूर्वीं, प्रसूतिसमयीं किंवा जन्मानंतर लवकरच, वाढत्या मेंदूस इजा झाल्यानें होते. कठीण प्रसूतीशीं तिचा संबंध लंडनचे डॉ. विल्यम लिटल ह्यांनीं १८६२ सालीं मांडला. ती स्पर्शानें लागत नाहीं, ती कोणाच्या पापाचें फळ नव्हे, आणि ती झालेल्या पुष्कळांची बुद्धि शाबूत असते.

खुर्चींत वांकून बसलेल्या ह्या मठवाशानें गणित, संगीत व ज्योतिष ह्यांवर ग्रंथ लिहिले, ताऱ्यांवरून वेळ काढण्याच्या यंत्राचें वर्णन केलें, आणि ख्रिस्तजन्मापासून आपल्या काळापर्यंतचा इतिहास सालवार रचिला. 'साल्वे रेजिना' ही प्रार्थनाही परंपरेनें त्यांच्याच नांवावर आहे. पंडितांस त्याविषयीं शंका आहे. तो वाद आम्ही पंडितांवरच सोपवितों. दूरदूरचे विद्यार्थी त्यांच्याकडे येत. गुरूचे तुटक शब्द उमजेपर्यंत कान देऊन बसण्याची त्यांची तयारी असे, ही गोष्ट आम्हांस ग्रंथांइतकीच मोलाची वाटते.

१०५२ सालीं माता निवर्तली, तेव्हां तिच्या समाधीसाठीं त्यांनीं पद्यें रचिलीं. २४ सप्टेंबर १०५४ रोजीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. आल्ट्सहाउझेन येथें त्यांस पुरण्यांत आलें. पोप नववे पायस ह्यांनीं १८६३ सालीं त्यांच्या भक्तीस मान्यता दिली. त्यांचें चरित्र लिहिलें तें बेर्टोल्ड नांवाच्या शिष्यानें, आणि गुरूचा अपुरा इतिहासही त्यानेंच पुढें चालविला.