डॉ. कितासातो

पायात काटा रुततो, जखम लहानशी म्हणून कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही. आणि आठवड्याभराने माणसाचा जबडा एकाएकी आवळला जातो. तोंड उघडत नाही, मान ताठ होते, घास गिळवत नाही. पुढे पाठीचे स्नायू असे आखडतात की शरीर धनुष्यासारखे वाकते. जरासा आवाज झाला तरी झटके येतात. हे सारे सोसत असता रोग्याची शुद्ध मात्र कायम असते. म्हणूनच धनुर्वात हा अत्यंत क्रूर रोग मानला जातो. शतकानुशतके मनुष्य त्याच्यापुढे हतबल होता. या रोगाचे मर्म ज्यांनी उघड केले, त्यांत जपानचे डॉ. शिबासाबुरो कितासातो अग्रगण्य होत.

कितासातो यांचा जन्म १८५३ साली क्युशू बेटावरील ओगुनी या डोंगराळ गावी झाला. बालपणी त्यांना सैनिक होण्याची हौस होती. परंतु कुमामोतो येथील वैद्यकशाळेत मान्सवेल्ट नावाच्या डच डॉक्टरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून एक नवीच सृष्टी दाखवली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. १८८३ साली तोकियो येथे ते वैद्यकीय पदवीधर झाले. पुढे सरकारने त्यांना जर्मनीस पाठवले. तेथे बर्लिन शहरी रॉबर्ट कॉख या थोर जंतुशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते काम करू लागले.

धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, हे १८८४ मध्ये निकोलायर या जर्मन संशोधकाने दाखवले होते. पण तो इतर जंतूंपासून वेगळा काढणे कोणासही साधेना. तो एकटा जगूच शकत नाही, असेही काही विद्वान म्हणू लागले. कितासातो यांना ते पटले नाही. या जंतूचे बीजाणू फार चिवट असतात, हे त्यांनी हेरले. जंतूंचे मिश्रण त्यांनी सुमारे तासभर ८० अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवले. इतर जंतू मेले. हे बीजाणू तेवढे उरले. हा जंतू प्राणवायूत वाढत नाही, म्हणून त्यांनी हायड्रोजन वायू भरलेल्या पात्रात त्याची जोपासना केली. १८८९ साली धनुर्वाताचा शुद्ध जंतू जगाने प्रथमच पाहिला!

खोल जखमेत हवा पोहोचत नाही. तेथेच हा जंतू का फोफावतो, हे आता कळले. जंतू जखमेतच राहतो. त्याचे विष मात्र शरीरभर पसरून मज्जातंतूंवर घाला घालते. मग या विषालाच उतारा का शोधू नये? कितासातो आणि त्यांचे सहकारी बेरिंग यांनी सशांमध्ये या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण केली. अशा सशांचे रक्तजल उंदरांना टोचले, तेव्हा ते उंदीर विषापासून बचावले. रक्तात प्रतिविष तयार होते, हा सिद्धान्त १८९० साली प्रसिद्ध झाला. १९०१ मध्ये घटसर्पावरील रक्तजलाच्या कार्याबद्दल एकट्या बेरिंग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कितासातो मात्र आपल्या कामात मग्न राहिले.

१८९२ साली ते मायदेशी परतले. पूर्वी त्यांनी आपल्याच एका गुरूंच्या शास्त्रीय मताला विरोध केला होता. त्यामुळे विद्यापीठातील मंडळी त्यांच्यावर रुष्ट होती. अशा वेळी विचारवंत फुकुझावा युकिची यांनी साह्य केले आणि तोकियोत संसर्गजन्य रोगांची संशोधनसंस्था उभी राहिली. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगची साथ आली, तेव्हा जिवाची पर्वा न करता ते तेथे धावले. १९१४ साली सरकारने त्यांना न विचारता ही संस्था विद्यापीठाच्या स्वाधीन केली. कितासातो यांनी राजीनामा दिला. त्यांच्यामागोमाग सहकारीही बाहेर पडले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांनी स्वतःची नवी संस्था स्थापन केली. गुरुवर्य कॉख यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ कितासातो यांनी एक छोटे देऊळही बांधले होते. १९३१ मध्ये या कर्मयोग्याने देह ठेवला. २०२४ साली जपानने आपल्या एक हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र छापून त्यांचा गौरव केला.

पुढे धनुर्वाताची प्रतिबंधक लस निघाली. प्रसूतीच्या वेळी स्वच्छता पाळल्याने आणि मातांना लस दिल्याने असंख्य नवजात बालके वाचली. नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. तथापि या जंतूचे बीजाणू मातीत आहेतच. ते समूळ नष्ट करता येत नाहीत. एकदा रोग होऊन बरा झालेल्या माणसालाही तो पुन्हा होऊ शकतो. म्हणून जखम लहान असली तरी ती साबणाने व पाण्याने स्वच्छ धुवावी, डॉक्टरांना दाखवावी आणि लस वेळेवर घ्यावी. ज्या शत्रूची ओळख पटवण्यासाठी कितासातो यांनी रात्रंदिवस कष्ट केले, त्याच्याविषयी गाफील राहणे आपणास शोभणार नाही.