शेवटच्या जागेचा शोध : संत शार्ल द फुको

घराण्याचा अभिमान आपल्याकडे कमी नाही. लग्न जमवताना आपण आधी आडनाव विचारतो, मग कोणाच्या घरातला म्हणून चौकशी करतो. फ्रान्समधील पेरीगोर प्रांतातल्या फुको घराण्याला तर असा अभिमान बाळगायला कारणही होते. या घराण्यातील बर्त्रां द फुको हा सरदार राजा संत लुई यांच्याबरोबर क्रूसयुद्धावर गेला आणि १२५० साली इजिप्तमध्ये मन्सूरा येथे लढताना पडला. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात याच घराण्यातील धर्मगुरू आर्मां द फुको यांना २ सप्टेंबर १७९२ रोजी पॅरिसच्या कार्मेलाईट मठात इतर अनेक धर्मगुरूंबरोबर ठार मारण्यात आले. १९२६ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. कधीही मागे हटायचे नाही, हे या घराण्याचे ब्रीद होते.

याच घराण्यात १५ सप्टेंबर १८५८ रोजी स्ट्रासबुर्ग शहरात शार्लचा जन्म झाला. नावामागे व्हायकाउंट ही पदवी जन्मापासूनच होती. पण तो सहा वर्षांचा होण्याआधीच, १८६४ साली, काही महिन्यांच्या अंतराने आई आणि वडील दोघेही वारले. शार्ल आणि धाकटी बहीण मारी यांना आईच्या वडिलांनी सांभाळले. ते निवृत्त कर्नल होते. नातवाचे त्यांनी फार लाड केले. १८७० च्या युद्धानंतर स्ट्रासबुर्ग जर्मनीकडे गेले आणि हे कुटुंब नान्सी शहरात राहायला आले. तिथेच शार्लचा प्रथम ख्रिस्तप्रसाद विधी झाला, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच त्याची श्रद्धा गेली. कुणाशी भांडण झाले नाही, कुणी दुखावलेही नाही. पुस्तके वाचता वाचता देव आहे असे त्याला वाटेनासे झाले, एवढेच. आज आपल्यातील कितीतरी आईवडिलांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

पुढची बारा वर्षे आपण थोडक्यात सांगू. आजोबा १८७८ साली वारले आणि मोठी संपत्ती तरुण शार्लच्या हाती आली. सैन्याच्या शाळेत तो खाण्यापिण्यासाठी आणि मेजवान्यांसाठी प्रसिद्ध होता. सोम्यूरच्या घोडदळ विद्यालयातून ८७ जणांत तो ८७ वा आला. शेवटच्या जागेशी त्याची पहिली ओळख ही अशी झाली! अल्जीरियात नेमणूक झाल्यावर त्याने एका बाईला पत्नी म्हणून सोबत नेले. वरिष्ठांनी तिला परत पाठवायला सांगितले, त्याने ऐकले नाही, म्हणून १८८१ साली त्याला पलटणीतून दूर केले गेले. इकडे नातेवाईकांनी कोर्टात जाऊन त्याच्या खर्चावर देखरेख बसवून घेतली.

मग मात्र काहीतरी बदलले. सैन्य सोडून त्याने मोरोक्कोचा प्रवास केला. त्या काळी परक्या ख्रिस्ती माणसाला त्या देशाचा बराच भाग बंद होता, म्हणून तो यहुदी रब्बीच्या वेशात, मर्दोशे नावाच्या खऱ्या रब्बीबरोबर हिंडला. १८८३-८४ मधील या प्रवासातल्या मोजमापांसाठी पॅरिसच्या भूगोल संस्थेने त्याला सुवर्णपदक दिले. पदकापेक्षा मोठी गोष्ट त्याच्या मनात राहिली होती. तिथले मुस्लीम लोक दिवसातून पाच वेळा देवापुढे वाकताना त्याने पाहिले होते. देव खरोखरच असेल काय, हा प्रश्न त्याला पुन्हा पडला.

पॅरिसला परतल्यावर तो आत्याच्या घरी जाऊ-येऊ लागला. आत्याची मुलगी मारी द बोंदी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी होती. ती अत्यंत धार्मिक होती, पण तिने त्याला कधी उपदेश केला नाही, त्याच्या जुन्या दिवसांची आठवणही काढली नाही. ती प्रार्थना करीत राहिली आणि त्याला घरच्यासारखे वागवीत राहिली. इतकी हुशार बाई ज्यावर विश्वास ठेवते ते अगदीच खुळेपणाचे कसे असेल, असे शार्लला वाटू लागले. आम्हांला त्याच्या चरित्रातला हा भाग वाळवंटापेक्षाही मोलाचा वाटतो.

१८८६ च्या ऑक्टोबरअखेरीस एका सकाळी तो संत ऑगस्टिन चर्चमध्ये फादर आंरी युव्हलँ यांना भेटायला गेला. धर्माविषयी शिकवण हवी, एवढेच त्याचे म्हणणे होते. फादरांनी चर्चा केली नाही. त्यांनी त्याला गुडघे टेकायला आणि पापनिवेदन करायला सांगितले, आणि मग तसेच ख्रिस्तप्रसादालाही पाठवले. पुढे याच फादरांनी एका प्रवचनात सांगितले की येशूने शेवटची जागा अशी काही घेतली की ती कुणालाच त्याच्याकडून घेता आली नाही. हे वाक्य शार्लच्या मनात रुतून बसले. मागे न हटणाऱ्या घराण्याचा हा मुलगा आयुष्यभर सर्वांत मागची जागा शोधू लागला.

१८९० साली तो ट्रॅपिस्ट मठात गेला. मालमत्ता बहिणीला दिली. सिरियातला आकबेसचा मठ गरीब होता, पण त्याला तोही पुरेसा गरीब वाटेना. १८९७ साली मठ सोडून तो नाझरेथला क्लारा मठाच्या भगिनींकडे गडी म्हणून राहिला. मठाच्या आवारातील फळ्यांच्या खोपटात मुक्काम, बाजारहाट आणि बागकाम. तीन वर्षे तो येशूसारखा नाझरेथमध्ये लपून राहिला.

९ जून १९०१ रोजी विविये येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ते सहाराच्या बेनी आबेस गावी गेले. तिथे फ्रेंच राज्यातही गुलामगिरी चालू होती. काही गुलामांना त्यांनी पैसे भरून सोडवले आणि या अन्यायाविरुद्ध वरिष्ठांना पत्रे लिहिली. वरिष्ठांनी सबुरीचा सल्ला दिला. १९०५ मध्ये ते आणखी दक्षिणेला, तुआरेग लोकांच्या तामनरासेतला पोहोचले. तेव्हा ते अगदी लहानसे खेडे होते.

तिथला एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. त्या काळच्या नियमाप्रमाणे मिस्साला निदान एक ख्रिस्ती व्यक्ती हजर लागे. तामनरासेतला दुसरा ख्रिस्ती नव्हता. १९०७ चा नाताळ या धर्मगुरूंनी मिस्साविना काढला. त्याच सुमारास मोठा दुष्काळ होता. जवळचे धान्य वाटून टाकल्याने जानेवारी १९०८ मध्ये ते अंथरुणाला खिळले. द्यायला आलेल्या माणसाजवळ आता द्यायला काहीच उरले नव्हते. तेव्हा तुआरेगांनी सुकलेल्या रानात हिंडून, शेळ्यांचे मिळेल तेवढे दूध जमवून त्यांना पाजले आणि जगवले. त्यानंतर ते त्या लोकांचे उपकारकर्ते राहिले नाहीत, शेजारी झाले. महिनाअखेरीस एकट्याने मिस्सा करण्याची परवानगीही आली.

ते आपल्या काळाचे माणूस होते, हे लपवू नये. फ्रेंच अधिकाऱ्यांशी त्यांची मैत्री होती, त्यांना ते माहितीही कळवीत, आणि महायुद्धाच्या काळात बांधलेल्या त्यांच्या छोट्या गढीत फ्रेंचांनी दिलेल्या बंदुका ठेवल्या होत्या. काही अभ्यासक यावर टीका करतात आणि ती अगदीच निराधार नाही. पण त्याच खोलीत रोज तासन्‌तास बसून त्यांनी तुआरेग भाषेचा शब्दकोश तयार केला आणि त्या लोकांची हजारो ओळींची कविता लिहून ठेवली. कोशाचे चार खंड त्यांच्या मृत्यूनंतर १९५१-५२ मध्ये छापले गेले.

१ डिसेंबर १९१६ च्या संध्याकाळी ओळखीच्या माणसाने हाक मारली, त्यांनी दार उघडले आणि हल्लेखोरांनी त्यांना बाहेर ओढून बांधले. दोन उंटस्वार सैनिक येताना दिसले, राखण करणारा पोरगा घाबरला आणि त्याने गोळी झाडली. काही आठवड्यांनी फ्रेंच अधिकारी तिथे पोहोचले, तेव्हा पवित्र साक्रामेंत वाळूत पडलेले सापडले.

मरतेवेळी त्यांच्यामागे एकही बंधू नव्हता. वर्षानुवर्षे ते सोबत्यांची वाट पाहत राहिले, नियमावल्या लिहीत राहिले. कुणी टिकले नाही. फ्रान्समध्ये त्यांनी सुरू केलेल्या प्रार्थनासंघाच्या यादीत पन्नास नावेही नव्हती. १९३३ साली फादर रने व्होयोम आणि चार सोबती सहाराच्या कडेला एकत्र राहू लागले, तेव्हा येशूचे लहान बंधू ही संस्था उभी राहिली, आणि १९३९ मध्ये लहान भगिनींची.

१५ मे २०२२ रोजी रोममध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. त्याच वेदीवरून, त्याच दिवशी, आपल्या भारताचे देवसहायम पिल्लई हेही संत झाले. संत शार्ल यांचा सण १ डिसेंबरला येतो.