कॉलऱ्याच्या डॉक्टरने डांबर, कौलं आणि राळ वापरून भारतातली तार पावसापासून वाचवली होती

पावसाळ्याची पहिली जोरदार सर येते आणि घरातलं इंटरनेट जातं. केबलवाला येतो, राउटर बघतो, वायर चाचपत चाचपत गच्चीवर जातो आणि शेवटी एका जोडावर बोट ठेवतो. वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असते आणि आतलं तांबं कळकून हिरवं झालेलं असतं. अख्खी वायर धडधाकट असते, पाणी शिरतं ते जोडातून.

आता तुम्ही म्हणाल, ही आजच्या काळातली कटकट आहे. तर तसं नाही. भारतात तार उघड्यावर आली तेव्हापासून ही डोकेदुखी आहे आणि तिच्याशी सुरुवातीला भिडलेला गडी पेशाने डॉक्टर होता. त्याचं नाव विल्यम ब्रूक ओशॉनेसी.

१८०९ साली आयर्लंडमधल्या लिमरिकला त्याचा जन्म झाला. एडिनबरोला तो डॉक्टरकी शिकला. १८३१ साली इंग्लंडमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा हा पोरगा २२ वर्षांचा होता. त्याने रुग्णांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी आणि क्षार कमी झाल्याचं दाखवून दिलं. ते शिरेतून परत द्यावेत, ही कल्पनाही त्याने मांडली. पुढच्याच वर्षी थॉमस लाटा या डॉक्टरने ती रुग्णांवर वापरून पाहिली. आज दवाखान्यात आपल्याला सलाईन लावतात, त्याचं मूळ इथपर्यंत जातं.

एवढं करूनही लंडनमध्ये त्याचा जम बसला नाही. १८३३ साली त्याने ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरली आणि कलकत्ता गाठलं. तिथल्या मेडिकल कॉलेजमध्ये तो रसायनशास्त्र शिकवू लागला. गांजाच्या औषधी उपयोगावरचा त्याचा अभ्यासही तिथलाच.

आणि याच काळात त्याला तारायंत्राचं वेड लागलं.

१८३९ साली त्याने कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डन परिसरात बांबूंवर मैलोन् मैल तार टांगली आणि त्यातून संदेश पाठवून पाहिले. पण खरा प्रश्न हुगळी नदीचा होता. उघडी तार पाण्यात टाकली की वीज पाण्यात निघून जाणार. आजच्यासारखं प्लॅस्टिकचं आवरण तेव्हा नव्हतं. मग त्याने बाजारात मिळेल ते घेतलं. तारेला डांबर फासलं, वर चिरलेल्या वेताचं कवच बसवलं, त्यावर डांबरात भिजवलेली दोरी गुंडाळली आणि ती नदीत सोडली. संदेश पलीकडे पोहोचला. अमेरिकेत मोर्सने न्यूयॉर्कच्या बंदरात असाच प्रयोग केला तो १८४२ साली, म्हणजे तीन वर्षांनी.

पण कंपनी सरकारला तेव्हा यात फारसा रस नव्हता. प्रयोग तिथेच थांबला, तो थेट दहा-अकरा वर्षांसाठी.

पुढे लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल झाला आणि कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी लाईन टाकायला परवानगी मिळाली. ओशॉनेसी तेव्हा कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करत होता. त्याने तिथलाच एक माणूस हाताशी घेतला, शिबचंद्र नंदी. डायमंड हार्बरहून पहिला संदेश पाठवणारा माणूस म्हणून नंदींचंच नाव घेतलं जातं.

या लाईनचा काही भाग जमिनीखालून जाणार होता. आणि इथे जे केलं ते आज वाचलं तरी भारी वाटतं.

बारीक तारेऐवजी त्याने जाड लोखंडी सळ्या घेतल्या. एक सळई १३-१४ फुटांची. म्हणजे एका मैलात जवळपास ४०० सांधे. पीळ देऊन जोडलं असतं तर प्रत्येक सांध्यात पाणी आणि गंज ठरलेलाच. म्हणून टोकं तापवून, ठोकून एकजीव केली. त्यावर उकळत्या डांबरात बुडवलेल्या मद्रासी कापडाचे दोन थर दिले. मग चरात घरावरची कौलं ओळीने उताणी मांडली, त्यांत राळ आणि वाळूचं वितळलेलं मिश्रण ओतलं, त्यावर सळई ठेवली आणि वरून पुन्हा तेच मिश्रण. थंड झालं की दगडासारखं घट्ट. लोहार, कुंभार आणि डांबराचं पिंप एवढ्यावर काम झालं.

नदीसाठी आता गटापर्चा आला होता. मलायातल्या झाडाचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो आणि गार झाला की पुन्हा कडक. पाण्याखाली तो उत्तम टिकतो, पण ऊन आणि हवा लागली की ठिसूळ होऊन तडकतो, त्यामुळे उघड्यावर त्याचा उपयोग नव्हता. शिवाय हुगळीत जहाजांचे नांगर केबल ओढून तोडायचे. त्यावर उपाय म्हणून त्याने गटापर्चाची तार जाड लोखंडी साखळीच्या खोबणीत बसवली आणि साखळीसकट नदीत टाकली.

जमिनीखालचं काम मात्र खर्चिक आणि वेळखाऊ होतं. उरलेली लाईन त्याने बांबूवर नेली, पण सळई तशीच जाड ठेवली. तिच्यावर माकडं लोंबकळली तरी ती तुटत नव्हती. जाड लोखंडातून वीज सहज जाते, त्यामुळे ओल्या बांबूवाटे थोडी गळाली तरी पलीकडे पुरेशी पोहोचायची.

१८५२ साली ब्रह्मदेशातल्या युद्धाची बातमी या तारेने कलकत्त्याला पोहोचली आणि डलहौसीची खात्री पटली. नोव्हेंबर १८५३ मध्ये काम सुरू झालं. मार्च १८५४ मध्ये ८०० मैलांवरच्या आग्र्याहून कलकत्त्याला संदेश आला. पुढे मुंबई आणि मद्रासही जोडलं गेलं आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये तारसेवा सामान्य लोकांसाठी खुली झाली.

पण या घाईत एक चूक राहिली. ८० मैलांवर जे खपून गेलं ते ८०० मैलांवर खपेना. पावसात प्रत्येक ओल्या खांबावर थोडी थोडी गळती, असे हजारो खांब. संदेश वाटेतल्या ठाण्यावर उतरवून घ्यायचा, पुन्हा पुढे पाठवायचा, असा उद्योग करावा लागे. नंतर खांबांवर नीट इन्सुलेटर बसवून लाईन पुन्हा उभारावी लागली. ओशॉनेसीला कदाचित हे दिसत असेलही, पण डलहौसीला तार लगेच हवी होती.

१८५६ साली त्याला 'सर' ही पदवी मिळाली. १८६० च्या सुमारास तो भारत सोडून गेला तो कायमचा. १८६१ साली त्याने नाव बदलून विल्यम ओशॉनेसी ब्रूक असं करून घेतलं आणि १८८९ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या साउथसी इथे तो वारला. कॉलऱ्यावरचा शोधनिबंध एका नावाने आणि मृत्यूची नोंद दुसऱ्या नावाने.