पंडिता रमाबाई : हमीच्या वर्गणीविना चाललेला संसार

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की त्यांचे संस्कृतवरील प्रभुत्व, स्त्रीशिक्षणाचे कार्य आणि धर्मांतरावरून उठलेले वादळ या गोष्टी हटकून आठवतात. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी घालविलेल्या अखेरच्या पाव शतकाकडे मात्र तितकेसे लक्ष जात नाही. या काळात शेकडो आणि एके वेळी जवळजवळ दोन हजार निराधार स्त्रिया व मुलींना त्यांनी सांभाळले, आणि तेही बांधील वर्गणीदार पाठीशी नसताना. ईश्वर पुरवील या भरवशावर हा पसारा उभा होता आणि तो भरवसा त्यांना बायबलच्या स्वतः केलेल्या वाचनातून मिळाला होता.

असा भरवसा रमाबाईंना सहज लाभावा अशी त्यांच्या पूर्वायुष्यात कोणतीच गोष्ट नव्हती. २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा होते नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले. दैव प्रसन्न झाले नाही आणि आईवडील व थोरली बहीण उपासमारीने गेली. भाऊ श्रीनिवास याच्यासह रमाबाई पायी देशभर हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा त्यांचा जुन्या धर्मावरील विश्वास उडत चालला होता.

कलकत्त्यातच त्यांना संस्कृत बायबलची प्रत भेट मिळाली होती. ती त्यांना नीटशी उमगली नाही. शास्त्रार्थात भल्याभल्यांना निरुत्तर करणाऱ्या विदुषीला त्या ग्रंथाची भाषा परकी वाटावी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाल्यावर सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका हाती आली. ती त्यांनी आवडीने वाचली. विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ साली, पती निवर्तले आणि कन्या मनोरमा हिला घेऊन त्या पुण्यास आल्या.

१८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु एका धर्माच्या पुरोहितांची सत्ता झुगारून दुसऱ्या धर्माच्या पुरोहितांपुढे मान तुकविण्याची त्यांची तयारी नव्हती. त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांनी तेथील भगिनींशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. मूळ ग्रंथात जे आपल्याला दिसत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मानायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र अद्याप गवसलेला नाही. तेव्हापासून बायबलविषयीची पुस्तके बाजूस सारून त्या बायबलच नेमाने वाचू लागल्या.

मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी सुरू झालेले शारदा सदन बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या दहा वर्षांच्या आश्वासनावर चालत असे. पुढे ते पुण्यास हलले. १८९३ साली मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याच्या आरोपावरून रानडे, भांडारकर आदी सल्लागार बाजूस झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्या मुलींबद्दल पालकांना वाटणारी काळजी खोटी होती असे म्हणता येत नाही. रमाबाईंची श्रद्धा लपून राहणारी नव्हती.

याच सुमारास ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर व चीनमध्ये कार्य करणारे हडसन टेलर यांची चरित्रे त्यांच्या वाचनात आली. कोणापुढेही हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर या दोघांनी मोठमोठी कार्ये चालविली होती. हिंदुस्थानात असे घडू शकेल काय, हा प्रश्न रमाबाईंना पडला. १८९६ च्या दुष्काळाने त्याची कसोटी पाहिली. उपासमार म्हणजे काय हे त्या स्वतःच्या देहाने जाणत होत्या. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे स्त्रिया व मुली आणल्या. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. या मुली सर्व जातींच्या होत्या आणि त्यांच्या अन्नवस्त्राचा भार कोणीही उचललेला नव्हता. केडगावजवळ फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच ‘मुक्ती’. १८९८ साली दहा वर्षांची मुदत सरल्यावर नव्या अमेरिकी मंडळाने सदनाला मदत चालू ठेवली, मुक्तीचा योगक्षेम मात्र प्रार्थनेवर राहिला. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या, तेव्हाही दार बंद झाले नाही.

हा भरवसा हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, हातमाग, तेलघाणा व छापखाना चालला. अंध मुलींना ब्रेल शिकविण्यात आले. ‘मुक्ती प्रेयर बेल’ या पत्रकातून आश्रमाची हकीकत देशोदेशी जाई आणि देणग्या येत. याला याचना म्हणावे की साक्ष, यावर मतभेद होऊ शकतो. देणगीदार बांधील नव्हते, एवढे मात्र खरे.

आपल्याला जे वाचनातून लाभले ते खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही स्वतः वाचून मिळावे, हा त्यांचा ध्यास होता. प्रचलित मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यास घेतले. खिळे जुळविणे, छपाई, बांधणी ही सारी कामे मुक्तीतील स्त्रियाच करीत. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनीही देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्या त्याच छापखान्यातून बाहेर पडला.