नदीच्या पात्रातील विहीर

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ साली म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची. त्यातच विद्यार्थिदशेत त्यांचे वडील वारले. तथापि शिकवण्या करून त्यांनी बंगळूर येथे पदवी मिळविली. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्यास आले आणि १८८३ साली स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेत पहिले आले. दुसऱ्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली.

सिंध प्रांत त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. तेथील सक्कर हे शहर सिंधू नदीच्या काठी वसलेले आहे. दाराशी एवढी मोठी नदी. पण तिचे पाणी गाळाने इतके गढूळ, की ते पिणे जिवावर येई. शहराला शुद्ध पाणी पुरविण्याचे काम विश्वेश्वरय्यांकडे आले. वाळूचे मोठे हौद बांधून त्यांत पाणी गाळावे, हा नेहमीचा उपाय. परंतु त्याचा खर्च नगरपालिकेला झेपणारा नव्हता.

मग लोकांनी गढूळ पाणीच पीत राहावे काय? विश्वेश्वरय्यांनी पुन्हा नदीकडेच पाहिले. जी वाळू हौदात आणून घालावयाची, ती नदीच्या पात्रात विपुल होती. त्यांनी काठाजवळ पात्रातच एक गोल विहीर बांधविली. नदीचे पाणी वाळूच्या थरांतून झिरपत तिच्यात उतरू लागले आणि गाळ मागेच राहिला. असे निवळलेले पाणी पंपांनी टेकडीवरील हौदात चढविण्यात आले. उंचावरचे पाणी नळांतून आपल्याच भाराने खाली धावते. त्यामुळे तेथून ते शहरात खेळविणे सोपे झाले. १८९५ साली हे काम पुरे झाले.

पुढे पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर, भिंत न वाढविता पाण्याचा साठा वाढविणारे स्वयंचलित दरवाजे त्यांनी बसविले. १९१२ साली ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९५५ साली भारत सरकारने त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब दिला. १९६२ साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, ते निवर्तले.

त्यांनी याहून कितीतरी मोठी कामे केली. परंतु तिजोरी रिकामी असताना हात जोडून न बसता, जवळ आहे त्यातूनच मार्ग काढणारी त्यांची बुद्धी सक्करच्या त्या विहिरीत स्पष्ट दिसते.